जमैकाच्या अंतर्भागात जाताना
आपण प्रथमच जमैकाला जात आहात, म्हणून आग्रहाने सुचवतो की माँटेगो बेच्या किनाऱ्यावरील मुक्काम थोडा कमी करून कॉकपिट कंट्रीच्या चुनखडीच्या डोंगरांतील अकॉम्पाँग गावासाठी वेळ राखावा. गुलामगिरीतून निसटून तेथे वसलेल्या, ‘मरून’ (Maroon) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी कुजोच्या नेतृत्वाखाली इतकी चिवट झुंज दिली, की १७३९ मध्ये इंग्रजांना तह करून त्यांचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले. दरवर्षी ६ जानेवारीला ढोल आणि अबेंग या शिंगवाद्याच्या निनादात तेथे उत्सव होतो. शक्य असल्यास प्रवासाची तारीख त्यावरूनच ठरवावी. पळून आलेल्या गुलामांना परत सोपवण्याची अटही त्याच तहात होती, त्याविषयी स्थानिक वाटाड्याशी आदराने अवश्य बोलावे. भारतीय प्रवाशाने ओल्ड हार्बर बेही पाहावे, कारण १८४५ मध्ये आपले पहिले करारबद्ध मजूर तेथेच उतरले.