वाचकांचे प्रश्न : घोडीचे कान आणि घोडीचा कागद

गेल्या अंकात पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मांवर, म्हणजे रेसच्या घोड्यांची पैदास होते त्या जागांवर, लिहिलं आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्या पत्रांत उद्याच्या शर्यतीत कोणता घोडा लावू, हाच प्रश्न आहे. मी तीस वर्षं घोड्यांचा डॉक्टर होतो, ज्योतिषी नव्हतो. ती पत्रं बाजूला ठेवून उरलेल्यांपैकी चार घेतो.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मी शहादा तालुक्यात केळी पिकवतो. दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेत एक घोडी घेतली. विकणाऱ्याने ‘असली थरोब्रेड, रेसच्या घोड्यांची जात’ म्हणून सांगितलं आणि कागदाची झेरॉक्स दिली. आता घोडी गाभण आहे, घोडा गावातल्याच एकाचा. शिंगराची थरोब्रेड म्हणून नोंद कुठे करायची? घोडेपैदास करणाऱ्यांची संघटना असते म्हणतात, ती मदत करेल का? फोटो आणि झेरॉक्स सोबत आहे.

घोडी देखणी आहे, दृष्ट काढा तिची. पण फोटोत तिच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडताहेत. हे मारवाडी किंवा काठियावाडी रक्त झालं. थरोब्रेडचे कान सरळ उभे असतात, असे कमानदार नसतात.

मग झेरॉक्स चष्मा लावून वाचली. रेसच्या घोड्याच्या पासपोर्टचं पान आहे, खरंच आहे. फक्त त्यावर लिंगाच्या रकान्यात ‘गेल्डिंग’ लिहिलंय, म्हणजे खच्ची केलेला घोडा. खच्ची घोड्याची घोडी झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तेव्हा शिंगराची थरोब्रेड म्हणून नोंद होणार नाही. समजा घोडी खरी थरोब्रेड असती, तरी गावातल्या घोड्यामुळे गाडी तिथेच अडली असती. थरोब्रेडचं पुस्तक बंद पुस्तक आहे. आई आणि बाप दोघंही आधीपासून त्यात असतील तरच लेकरू आत जातं. इंग्लंडात 1791 साली पहिली वंशावळ छापली गेली, तेव्हापासूनचा हा हिशेब. जगातल्या कुठल्याही थरोब्रेडची बापाकडची ओळ मागे नेलीत तर ती पूर्वेकडून इंग्लंडात आणलेल्या तीन घोड्यांपैकी एकावर जाऊन थांबते, बहुतेक वेळा डार्ली अरेबियनवर.

आपल्याकडे ही वही स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते, तीही पुण्यातून. पैदासकारांची संघटना वेगळी. आयातीचे नियम, कर, लिलाव, साथीचे रोग यासाठी ती सरकारशी आणि शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबांशी भांडत असते. 2008 मध्ये घोड्यांच्या इन्फ्लुएंझाची साथ जम्मूकडच्या कटऱ्यात दिसली आणि बघता बघता देशभर पसरली. कुठल्या स्टडवर किती घोडे खोकताहेत हे तेव्हा एकमेकांना खरं सांगणं, हेच मोठं काम होऊन बसलं होतं. एरवी धंद्यातला माणूस शेजाऱ्याला खोकल्याची बातमी देत नसतो.

पण सगळ्याचा पाया ती वही. घोडी दाखवली, म्हणजे संयोगासाठी घोड्याकडे नेली, की घोड्याचा मालक पहिली आणि शेवटची तारीख लिहून दाखला देतो. शिंगरू झालं की कळवायचं. मग ते आईजवळ असतानाच कुणीतरी येऊन त्याचं वर्णन टिपतो : रंग, कपाळावरचा चांद, पायांचा पांढरेपणा आणि भोवरे. अयाळीचे केस मुळासकट उपटून डीएनएसाठी पाठवायचे, मानेत चिप टोचायची आणि मग पासपोर्ट. भोवऱ्यांची मला गंमत वाटते. आपले जुने लोक भोवरा बघून घोडा शुभ की अशुभ ठरवत. स्टड बुकातही भोवरा अगदी जागेसकट लिहितात, पण तो फक्त ओळख म्हणून. अंगावर एकही पांढरा केस नसलेल्या काळ्या-तपकिरी घोड्याला दुसऱ्यापासून वेगळं ओळखायचं ते भोवऱ्यांवरूनच.

माझी एक चूक सांगतो. चिप यायच्या आधीची गोष्ट. एका स्टडवर संध्याकाळी उशिरा वर्णनं घेत होतो. शिंगरू आईच्या पोटामागे लपत होतं आणि मोतद्दार त्याला इकडून तिकडे ढकलत होता. मागचा डावा पाय पांढरा होता, मी लिहिला उजवा. दोन वर्षांनी ते पोर रेसकोर्सवर पोचलं, तिथल्या डॉक्टरांनी कागद आणि पाय पडताळले आणि घोडा बाजूला काढला. रक्ताची तपासणी होऊन दुरुस्ती होईपर्यंत महिना गेला. मालकाने फोनवर माझ्या सात पिढ्यांची वंशावळ काढली. तेव्हापासून मी घोड्याच्या मागे उभा राहतो, माझा डावा हात वर करतो आणि मगच ‘डावा’ लिहितो.

रंगावरूनही कधीकधी खोटं पकडलं जातं. आई-बाप दोघंही चेस्टनट, म्हणजे तांबूस, असतील तर शिंगरू चेस्टनटच होतं. ते कुमाईत, म्हणजे काळ्या अयाळीचं तपकिरी, निघालं तर समजायचं की बाप दुसराच कुणीतरी आहे. हे कळायला डीएनए लागत नाही.

तुमच्या घोडीसाठी थरोब्रेडचा हट्ट सोडा. ती मारवाडीच असेल तर त्या जातीच्या नोंदणीचा मार्ग वेगळा आहे. आणि आपल्या भीमथडीलाही आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. देशी घोड्यांना असे बरे दिवस मी नोकरीत असताना पाहिले नव्हते. विकणारा पुन्हा यात्रेत दिसला तर त्याला विचारा, घोडा खच्ची केल्यावर गाभण कसा राहतो?

प्रश्न : आमच्या गाईला डॉक्टर दारात येऊन कृत्रिम रेतन करतात. कोट्यवधींच्या घोड्यांना मात्र ते चालत नाही असं वाचलं. इतका मागासलेपणा का? – कृषी पदविकेचा विद्यार्थी, बारामती

मागासलेपणा नाही, नियम आहे आणि तो जगभर सारखाच आहे. थरोब्रेडचं शिंगरू नैसर्गिक संयोगातूनच व्हायला हवं. कृत्रिम रेतन नाही, भ्रूणरोपण नाही. तसं झालेल्या शिंगराची नोंदच होत नाही. फसवाफसवी टाळणं आणि एकाच घोड्याचं रक्त सगळीकडे न पसरू देणं, ही कारणं सांगितली जातात. मला विचाराल तर निम्मं कारण रक्ताचं, निम्मं पैशाचं. नामी घोड्याचं वीर्य नळ्यांतून मिळायला लागलं तर घोडी दाखवायला कोण एवढे पैसे मोजेल?

हे काम बघितलंस तर मागासलेलं म्हणणार नाहीस. आधी घोडी माजावर आहे का हे बघायला एक साधा घोडा आणतात, त्याला टीझर म्हणतात. मध्ये गाद्या लावलेली भिंत असते. माजावर नसेल तर घोडी कान मागे टाकून लाथ झाडते, असेल तर शेपूट बाजूला घेऊन शांत उभी राहते. मग सोनोग्राफी. मग तिच्या मागच्या पायांना नमद्याचे जाड बूट बांधायचे, शेपटीला पट्टी गुंडाळायची आणि किमती घोडा आणायचा. टीझर बिचारा तोवर तबेल्यात परत. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त दया आली ती त्याचीच.

प्रश्न : सगळ्या रेसच्या घोड्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला असतो हे खरं का? – एक गृहिणी, डोंबिवली

खरं, ताई. निदान आपल्याकडे शर्यतीसाठी वय 1 जानेवारीपासून मोजतात; ऑस्ट्रेलियासारख्या दक्षिणेकडच्या देशांत तारीख वेगळी असते. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून घोड्या दाखवायला सुरुवात होते आणि सगळ्यांना जानेवारीचं शिंगरू हवं असतं. 30 डिसेंबरला जन्मलं तर तिसऱ्या दिवशी कागदावर वर्षाचं! तारीख जवळ आली की स्टडवर सगळे घोडीला हात जोडून थांब म्हणतात.

प्रश्न : हा श्रीमंतांचा जुगार. न पळणाऱ्या घोड्यांचं काय करता, तेही सांगा. – एक संतप्त वाचक, सातारा

राग चुकीचा नाही. काही घोडे रायडिंग स्कूलमध्ये, पोलोला जातात, चांगल्या घोड्या पैदाशीला परत येतात. काहींचं पुढे काय झालं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही एका वयापर्यंत विचारलं नाही. एक मात्र सांगतो. सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून होतं. पूनावालांच्या स्टडवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिनला यासारख्या कामासाठी जायचे, आणि त्यातूनच 1966 मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. याने जुगाराचं पाप धुतलं जातं असं म्हणत नाही. पण तुमच्या साताऱ्याच्या एखाद्या शेतकऱ्याचा जीव घोड्याने वाचवला असेल, त्याला जाऊन विचारा.

शहाद्याच्या वाचकांसाठी आणखी थोडं. थरोब्रेड असो नसो, घोडी बहुधा रात्रीच विते. सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले की एक-दोन रात्री गोठ्याजवळच झोपायची तयारी ठेवा. शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे आणि दोन तासांत आईला पिलं पाहिजे. पहिला चीक पहिल्या बारा तासांत पोटात गेला नाही तर नंतर दिलेल्या चिकाचा फारसा उपयोग होत नाही. तीन तासांत वार पडली नाही तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला उठवा. ओढू नका. आणि पडली तरी लगेच पुरू नका, बादलीत पाणी घालून ठेवा. डॉक्टर ती जमिनीवर पसरून बघतील, एखादं टोक फाटून आत राहिलंय का ते तिच्यावरूनच कळतं.