कबुली कशाची?

प्रश्न असा आला आहे: "अभिनेत्रीने मुलाखतीत गरोदर असल्याची कबुली दिली" असं वाक्य बातम्यांत सारखं दिसतं. यातलं 'कबुली देणे' बरोबर आहे का? आणि त्याच बातमीत पुढे हमखास येणाऱ्या 'बेबी बंप'ला मराठी शब्द कोणता?

बरोबर नाही. हे वाक्य वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि गेली काही वर्षं ती आठवड्यातून दोनदा तरी जाते. चोर चोरीची कबुली देतो, लाचखाऊ लाचेची, आणि गॅसवरचं दूध विसरलेला नवरा ते उतू गेल्याची. कबुलीच्या आधी आळ यावा लागतो, निदान संशय तरी. "परीक्षेत पहिली आल्याची कबुली दिली" असं कोणी लिहीत नाही. बरं, नवऱ्याच्या तोंडून हीच बातमी आली की क्रियापद लगेच बदलतं. तो 'आनंद व्यक्त करतो'. मूल दोघांचं, कबुली एकटीची.

'कबूल असणे', 'कबूल करणे', 'ठरल्याप्रमाणे कबूल' हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. कबूल हा शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, हेही शाळेत सांगतात. तिथेच सगळे थांबतात आणि खरी गंमत हुकते. अरबीत शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे राहतात. इथला धातू क-ब-ल. अर्थ समोर येणे, समोरून आलेलं घेणे. ज्या दिशेला तोंड करून नमाज पढतात तो किब्ला. समोरासमोर येणं तो मुकाबला. (नवव्या शतकात अल-ख्वारिज्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला त्याच्या नावातही 'मुकाबला' आहे, समीकरणाच्या दोन्ही बाजू एकमेकींसमोर आणण्याची क्रिया. आपण मात्र तो शब्द मारामारीसाठी राखून ठेवला.) समोरून येतोय तो काळ, म्हणून भविष्य ते मुस्तकबिल. आपल्या 'कुटुंबकबिल्या'तला कबिलाही याच घरचा.

आणि आता ज्यासाठी एवढा आटापिटा केला तो शब्द: काबिला. अरबीत काबिला म्हणजे सुईण! बाळ जन्माला येताना जी समोर बसून दोन्ही हातांनी त्याला झेलते, स्वीकारते, ती काबिला. फारसीनेही हा शब्द याच अर्थाने घेतला. मराठीला त्याची गरज पडली नाही, कारण 'सू' म्हणजे प्रसवणे या धातूच्या घरची आपली सुईण आधीच होती. (तिचा शिवणाच्या सुईशी संबंध नाही. ती सुई 'सूची'वरून आली. हे मी आयुष्यात शंभरदा सांगितलं असेल.)

म्हणजे बघा. ज्या धातूने बाळाला झेलणाऱ्या बाईला नाव दिलं, त्याच धातूचा शब्द घेऊन आपण पोटुशी बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी दोन तास दुसरं काही काम केलं नाही.

माझे एक कोशप्रेमी स्नेही इथे लगेच बोट वर करतात. त्यांचं म्हणणं, मूळ अर्थ 'स्वीकार' एवढाच असेल तर बातमीतलं वाक्य निर्दोष आहे, तुम्हीच त्यात आरोप वाचता. हा युक्तिवाद मी तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा मला तो कच्चा वाटला. शब्द कुठे जन्मला यावर तो आज कुठे राहतो हे ठरत नाही. मुकाबल्यात कोणी आज समीकरण शोधत नाही. मराठीत कबुलीचा शेजार बघा: 'कबुलीजबाब'. हा शब्द पोलीस ठाण्यातून आणि न्यायालयातून घरोघरी पोचला. आणि तिथेही काही मर्यादा आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ सांगत होतं, आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कलम २३ मध्ये कायम आहे. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या नटीला एवढंही संरक्षण नाही.

दुसरे एक भाषाशुद्धीवाले. त्यांना 'कबुली' नको, कारण परकी. त्याऐवजी 'स्वीकृती दिली' लिहा म्हणतात. अहो, तिने स्वीकृती कशाला द्यायची? अर्ज कोणी केला होता? शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले, तरी कबूल आपल्या जिभेवरून उतरला नाही. तो राहू द्या. रोग शब्दाच्या जातीत नाही, तो वापरणाऱ्याच्या नजरेत आहे.

आता माझा स्वतःचा सिद्धान्त. पटला नाही तर सोडून द्या, पण आधी ऐका. कबुली नेहमी खालून वर जाते. शेरशहा सूरच्या जमीनव्यवस्थेत सरकार शेतकऱ्याला पट्टा द्यायचं आणि शेतकरी सरकारला कबुलायत लिहून द्यायचा: इतकी जमीन, इतका शेतसारा, मला कबूल. पट्टा वरून खाली, कबुलायत खालून वर. सरकारने रयतेला कबुलायत लिहून दिली असं होत नसे. हा उतार शब्दाच्या अंगात मुरला आहे. म्हणून साहेब 'स्पष्ट करतात', कारकून 'कबुली देतो'. मंत्री 'माहिती देतात', आरोपी 'कबुली देतो'. मुलाखतीत प्रश्न विचारणारा वर बसतो, उत्तर देणारी खाली, आणि तिच्या पोटाचा सारा ठरवायला प्रेक्षक हजर असतात. 'मुलाखत' हाही अरबी शब्द, मूळ अर्थ नुसती भेट. भेटीचा मुकाबला केव्हा झाला ते कळलंच नाही.

नजरेचं म्हणाल तर ती फक्त मराठी नाही. १९५२ साली अमेरिकेतली विनोदी अभिनेत्री ल्युसिल बॉल खरोखरच गरोदर होती आणि तिच्या 'आय लव्ह लूसी' मालिकेतही ती गरोदर दाखवायचं ठरलं. सीबीएस वाहिनीने 'प्रेग्नंट' हा शब्द उच्चारू दिला नाही. पात्रं 'एक्स्पेक्टिंग' म्हणत, आणि भागाच्या नावात त्याच अर्थाचा फ्रेंच 'आँसँत' घातला, म्हणजे सोवळं फ्रेंचने पाळलं. तेव्हा शब्दच नको होता. आता शब्द हवा, पण तो तिच्याकडून वदवून घ्यायचा असतो. २०१६ च्या जुलैत अमेरिकेतलीच अभिनेत्री जेनिफर अ‍ॅनिस्टनने लेख लिहून सांगितलं की मी गरोदर नाही, मी या चर्चेला विटले आहे. आपल्या मथळेवाल्यांच्या हाती तो पडला तर 'गरोदर नसल्याची कबुली' व्हायला वेळ लागणार नाही. त्याच महिन्यात सानिया मिर्झाला एका ज्येष्ठ पत्रकाराने विचारलं की तू स्थिरस्थावर कधी होणार, आईपणाचं काय. तेव्हा ती टेनिसच्या महिला दुहेरीत जगात पहिली होती. मी पहिली असण्याऐवजी आईपण निवडलं नाही म्हणून तुम्ही निराश झालेले दिसता, अशा अर्थाचं ती बोलली आणि पत्रकाराने तिथल्या तिथे माफी मागितली. त्या मुलाखतीत कबुली झालीच असेल तर ती विचारणाऱ्याची, आणि तिथे तो शब्द मी आनंदाने वापरीन.

जाता जाता 'गरोदर'. कोणी 'गर्भ + उदर' अशी फोड करतात. मला ती मुळीच पटत नाही. मी 'गुरु + उदर' म्हणतो, जड पोटाची. अमरकोशात गर्भिणीच्या शेजारी 'गुर्विणी' बसली आहे, ती याच 'गुरु'ची. आणि लॅटिनमधली 'ग्रॅव्हिडा', जिच्यावरून डॉक्टर पहिलटकरणीला 'प्रायमिग्रॅव्हिडा' म्हणतात, तीही 'ग्रॅव्हिस' म्हणजे जड या शब्दाची, आणि ग्रॅव्हिस हा आपल्या 'गुरु'चाच भाऊ. दोन खंडांत एकच वजन! उलट 'गर्भिणी' झिजत झिजत 'गाभण' होऊन गोठ्यात गेली. म्हणून 'गरोदर' लिहायला लाजू नका, 'गर्भवती' त्याहून सभ्य आहे असंही समजू नका. आणि 'गुड न्यूज आहे का?' असं मुलाखतीत विचारणाऱ्याला तर मी बातमी म्हणजे काय तेच विचारीन.

तर वाक्य असं लिहा: "अभिनेत्रीने आपण गरोदर असल्याचं सांगितलं." सांगितलं. एवढं साधं क्रियापद आहे आपल्याकडे.

अरे हो, 'बेबी बंप'. त्याला मराठीत पोट म्हणतात.