शेवटच्याचा वेग

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळतोय. दहा किलोमीटर तू आता पन्नास मिनिटांच्या आत पळतोस, सायकलवर तीसचा वेग धरतोस, आणि पळणं, सायकल, घोडा सगळं मिळून करणारी आपली टोळी आहे तिथेच आहे. नव्या ग्रुपचं बोलावणं आलंय. त्यांचा कोच म्हणतो, रविवार या लोकांबरोबर वाया घालवू नकोस. शनिवारच्या घोडेस्वारीचं तर त्याने हसण्यावारीच नेलं, म्हणे त्याने ना दम वाढतो ना मायलेज. आणि तू मला विचारतोस, ‘मावशी, कुणाला वाईट न वाटता सगळ्यांना कसं सांगू?’

कसं सांगायचं ते मी शिकवणार नाही. माझ्या मते ते सांगायची वेळच यायला नको. आपल्या टोळीत नियम म्हणावा असा एकच आहे आणि तो तुला पहिल्याच रविवारी सांगितला होता: सोबत निघालो की वेग शेवटच्याचा. तू मान डोलावली होतीस. तेव्हा शेवटचा तू होतास. आता तू पुढे आहेस, म्हणून नियम बदलत नाही. खरं तर तो आता कुठे तुला लागू झालाय.

मेहनत कर, सातत्य ठेव, असलं काही मी लिहीत बसणार नाही. ग्वाल्हेरच्या जानेवारीत पहाटे साडेचारला उठणाऱ्या मुलाला ते काय सांगायचं!

उरवाई दरवाज्याकडून आपण किल्ल्यावर पळत चढतो तो रस्ता आठव. तू वर पोचून घड्याळ थांबवतोस, जागच्या जागी उड्या मारत खाली बघतोस. आम्ही त्या वेळी कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्तींपाशी असतो आणि बोलत बोलत येत असतो. तुला वाटतं, बोलतात म्हणून हळू पळतात. अरे, पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हीच सोप्या पळण्याची खूण आहे. स्टीफन सायलर नावाच्या शरीरशास्त्राच्या अभ्यासकाने जगातल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, पळणारे, स्कीइंगवाले, होड्या वल्हवणारे सगळे. साधारण ऐंशी टक्के सराव ते हलक्या वेगातच करतात असं त्याला दिसलं. म्हणजे तुझ्या कोचचं शास्त्रसुद्धा आमच्या बाजूने आहे. रविवारच्या पळण्याने तुझं काही बिघडत नाही.

पण हा मुद्दा मी तुझ्या समाधानासाठी मांडला. माझं म्हणणं त्यावर उभं नाही. आमच्याबरोबर पळून तुझी दोन-चार मिनिटं वाढली असती, तरी मी हेच म्हटलं असतं. वेग शेवटच्याचा.

सायकलचं तुला मी नव्याने सांगायला नको. तिघरा धरणाच्या रस्त्याला समोरून वारा सुटला की पुढे कुणी राहायचं? ज्याच्यात ताकद आहे त्याने. मागच्याचे कष्ट त्याने चांगलेच वाचतात, वेग वाढला तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. तुझ्या मांड्यांचा टोळीला एवढाच उपयोग आहे, आणि तो फार मोठा आहे. गेल्या महिन्यात तू सुटलास तो थेट धरणावरच थांबलास. मागे तिघं जण वारा खात, खड्डे स्वतःच शोधत आले. खड्डा दिसला की हात खाली करून मागच्याला दाखवायचा असतो. मागे कुणी नसेल तर तू दाखवणार कुणाला?

आणि थांबण्यात वेळ वाया जातो असं मला पुन्हा म्हणू नकोस. एका सकाळी धरणावर आम्ही मागे राहिलेल्या एकाची वाट बघत होतो. आपल्यातल्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी तेव्हा सांगितलं, की विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या खडकवासल्याला आपोआप उघडणारी जी दारं बसवली, तीच पुढे सांक नदीवरच्या या तिघरा धरणालाही बसवली. पाणी ठरावीक पातळीवर चढलं की दार उघडणार, उतरलं की मिटणार. जन्म ग्वाल्हेरात गेला, तिघऱ्याचं पाणी पिऊन वाढले, आणि हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मागे राहिलेला तो जर वेळेवर पोचला असता, तर आजही ठाऊक नसतं.

आता घोडा. इथे मात्र मी तुझ्यावर खरोखर चिडले आहे.

माझ्या माहेरी, जनकगंजात, मुलीने सायकल चालवली तेवढंच पुष्कळ होतं. खोगिरावर बसले ती चाळिशी उलटल्यावर. विशीतलं अंग काय शिकलं असतं याची हळहळ मला दर शनिवारी वाटते. आणि तुला चोविसाव्या वर्षी मुरारच्या पुढे रिसालदारसाहेबांचा तबेला मिळाला आहे, तर तू मायलेज मोजतोस.

ते तुला काय शिकवतात ते जरा नीट बघ. आधी खरारा, मग खूर उचलून साफ करणं, मग खोगीर. तंग आवळताना घोडा पोट फुगवून धरतो, म्हणून चार पावलं चालवून तंग पुन्हा आवळायचा. हे विसरलास तर खोगिरासकट पोटाखाली जाशील. मग चाल, मग दुडकी. दुडकीत तिरक्या जोडीतले दोन पाय, एक पुढचा आणि एक पलीकडचा मागचा, जोडीने पडतात, एक-दोन, एक-दोन. त्या तालावर रिकिबीत उठायचं आणि बसायचं, आणि गोल फिरताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाईल तेव्हाच उठायचं. किती दिवस तुझा ताल चुकत होता! घोड्याची पाठ दुखत होती आणि तरी तो चालत होता. तुझी वाट तिथे कुणी बघितली, सांग.

आणि बाहेर फेरीला निघाल्यावरचे त्यांचे नियम आठव. दोन घोड्यांत एका घोड्याचं अंतर. दुडकी घ्यायची तर आधी मागे विचारायचं, आणि शेवटच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय टाच लावायची नाही. एक जण उतरला की सगळे उभे. तो पुन्हा चढून लगाम हातात घेईपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही. तुला ही शिस्तीची हौस वाटली असेल. तू यायच्या आधीची एक गोष्ट सांगते.

नदीकाठच्या रेताड वाटेवर आपल्यातल्या एकीच्या रिकिबीचा पट्टा सरकला. ती थांबली. पुढच्या दोघांना कळलंच नाही, ते वळणाआड गेले. तिची घोडी तोवर अगदी शहाण्यासारखी चालत होती. पुढचे दिसेनासे झाले आणि तिचे कान ताठ झाले, ती खिंकाळली, जागीच गोल फिरायला लागली. मानेवर घाम फुटला, लगामाच्या कडीपाशी फेस आला. घोडा कळपातला प्राणी आहे. कळप गेला की पाठीवर कोण बसलंय हे त्याच्या लेखी उरत नाही. रिसालदारसाहेबांनी हात वर केला, पुढच्यांना हाक मारून माघारी बोलावलं, आणि तेही चालीनेच, धावत नाही. ते दोन घोडे वळणावर दिसले मात्र, घोडीने मान खाली सोडली आणि लांब फुरफुरली. साहेब एवढंच म्हणाले, “साथ निकले हो, तो साथ चलो।”

आपला नियम तिथून आलाय. मी तो एका घोडीकडून घेतलाय. सायकलवर मागे राहिलेला मित्र चेहरा लपवतो, ‘तुम्ही व्हा पुढे, मी येतो’ म्हणतो, आणि आपण त्याचं खरं मानून निघून जातो, कारण आपल्याला ते सोयीचं असतं. घोडी लपवत नाही. म्हणून तुला घोडा सोडायचा नाही. पळणं सोडलंस तरी चालेल एक वेळ, घोडा नाही.

फूलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीवरून आपण पळत जातो. 1858 च्या जूनमध्ये तिच्याखाली तिचा नेहमीचा घोडा नव्हता, नवा होता, आणि तो नाल्यापाशी अडला, अशी हकीकत इथल्या प्रत्येक पोराने ऐकलेली असते. ती जगातली केवढी मोठी स्वार, पण ओळख नसलेल्या जनावरापुढे तिचाही इलाज चालला नाही. ओळख व्हायला ऋतू जावे लागतात. कोण चढावर गप्प होतं, कोणाचा गुडघा दुखतो पण सांगत नाही, कोणाला पंक्चर काढताना मदत केलेली आवडत नाही, हे आपल्याला एकमेकांचं माहीत आहे. हे तू त्या ग्रुपमध्ये नव्याने जमवणार आहेस? जमव. पण ते लोक वेग कमी झाला की ग्रुप बदलायला सांगतात, म्हणजे तिथे ते जमायच्या आत तू दुसरीकडे असशील.

तुला वाटेल, मावशी कधी स्पर्धेत उतरली नाही, तिला काय कळणार. बँकेतही विचारायचे, एवढं पळता, तर मेडल कुठे आहे? मला उतरता आलं असतं. वेग होता माझ्यात, तेव्हाच्या ओळखीच्या एका प्रशिक्षकांनी घरी येऊन सांगितलं होतं. मी गेले नाही, कारण त्यांच्या सरावाला माझ्याबरोबरच्या दोघींना जागा नव्हती. याचं मला आजही वाईट वाटत नाही. कितीही खोदून विचारलंस तरी वाटत नाही.

वाईट वाटतं ते दतियाचं. इथून पाऊणशे किलोमीटर, वीरसिंगदेवाचा तो सात मजली महाल, तिथपर्यंत सायकलने जायचं ठरलं होतं. एका मैत्रिणीला तेवढं झेपत नव्हतं. पुढच्या थंडीत तिचा दम वाढेल, मग जाऊ, असं दर थंडीत म्हणत राहिलो. एक-दोघं म्हणाले, ती रेल्वेने येईल, आपण पुढे होऊ. मी नको म्हटलं. मग तिच्या यजमानांची नागपूरला बदली झाली. तुमच्या नियमापायी दतिया राहिलं, असं त्यातला एक जण अजून ऐकवतो. राहू दे. तिला स्टेशनवर उतरवून घेऊन त्या महालासमोर फोटो काढण्यात मला काय मिळालं असतं? दतिया कुठे जात नाही. तिच्याबरोबरच्या त्या सगळ्या थंड्या मला मिळाल्या, नियम नसता तर त्यातली निम्मी मिळाली नसती. हे मी स्वतःची समजूत काढायला लिहीत नाही, मला ते तसंच वाटतं.

तुला स्पर्धाच हवी असेल तर मंगळवार-गुरुवार त्या ग्रुपबरोबर जा. ट्रॅकवर छातीत आग होईपर्यंत पळ, मला आनंदच होईल. आणि तू 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेचं, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या त्या लांब सायकलफेरीचं, म्हणत होतास ना? तिला साडेतेरा तास असतात, म्हणजे ताशी जेमतेम पंधरा, आणि त्यात पहिला-दुसरा नंबर काढतच नाहीत. आपली अख्खी टोळी त्यात बसते. त्याची तयारी तू करून घे, एकट्याची नव्हे, सगळ्यांची. कुणाचं सीट खाली आहे, कुणाच्या टायरमध्ये हवा कमी असते, कोण पाणी प्यायचं विसरतं, हे बघायला तुझ्याइतकं फुरसतीत पळणारं दुसरं कोण आहे?

या रविवारी नवीन मुलगी येणार आहे, सायकल भावाची आहे आणि गिअर तिला अजून कळत नाहीत. तू तिच्या मागे राहायचंस. धुकं असेल तर मागचा लाल दिवा लावून ये, हायवेला जायचं नाही. घड्याळ घरी ठेव.

मित्रांना सांगायचं काही नाहीच. सांगायचंय ते कोचला: रविवारी जमणार नाही, शनिवारी घोड्यावर असतो. कारण विचारलं तर माझा नंबर दे, मी बोलते त्यांच्याशी.

तुझी,
मावशी