द्राक्ष निर्यातीचे सिनॅरिओ: 'उत्तम, मध्यम, वाईट'च्या पुढे

तुमचा प्रश्न असा की, नाशिकहून युरोपला द्राक्षं पाठवणाऱ्या कंपनीसाठी माल आणि जहाजाचं भाडं दहा-दहा टक्के वर-खाली करून एक्सेलमध्ये 'उत्तम, मध्यम, वाईट' असे तीन सिनॅरिओ केलेत. एवढं पुरे की सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घ्यावं? सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी ते तीन रकाने बाजूला ठेवा.

दहा टक्के वर-खाली करून नफा किती हलतो ते कळतं, साखळी कुठे तुटते ते कळत नाही. २०२३-२४ चा हंगाम आठवा. नोव्हेंबरअखेरीस निफाड पट्ट्यात गारपीट. त्याच महिन्यात येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' जहाज ताब्यात घेतलं आणि डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या शिपिंग लाइन तांबडा समुद्र (म्हणजेच सुएझ कालव्याचा रस्ता) टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या. जेएनपीटी ते रॉटरडॅम हा तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. हे तुमच्या 'भाडं +१०%' मध्ये बसवून दाखवा!

'तांबडा समुद्र बंद' एवढं लिहूनही थांबू नका, पुढे काय होतं ते विचारत जा. जहाज उशिरा पोचलं की रिकामा रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) उशिरा परततो. समजा, कंटेनरची फेरी ६० दिवसांची होती ती ८० ची झाली. तेवढ्याच कंटेनरमध्ये आता पाऊणपटच फेऱ्या होणार. म्हणजे ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये बुकिंग मिळेना. माल कोल्ड स्टोरेजमध्ये साठतो, ते भरलं की पॅकहाऊस, म्हणजे प्रतवारी-पॅकिंगची जागा, थांबतं आणि पॅकहाऊस थांबलं की तयार घड वेलीवरच राहतात. तिकडे पोचलेल्या मालाची देठं सुकलेली असतात. सुपरमार्केटने नाकारला की तो खुल्या बाजारात पडेल भावाने जातो. त्यात रखडलेली जहाजं एकदम लागली, तर तुमचाच मागचा माल तुमच्या पुढच्या मालाचा भाव पाडतो. हा शेवटचा दुवा बहुतेकांच्या तक्त्यात नसतोच.

याउलट मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज अडकलं तेव्हा सुएझ कालवा सहा दिवसच बंद होता. अडथळ्याची जागा जवळपास तीच, पण निर्णय उलटा. आठवड्यात निवळणार असेल तर माल प्री-कूल करून (काढल्यावर लगेच थंड करून) थांबवणं परवडतं. हंगामभर टिकणार असेल तर थांबवलेला प्रत्येक दिवस फळाच्या टिकाऊपणातून वजा होतो. म्हणून 'सुएझ छोटा' आणि 'सुएझ लांब' असे दोन वेगळे सिनॅरिओ करा.

तिसरा असा हवा की ज्यात रस्ता मोकळा आहे, पण माल घेत नाहीत. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली होती. तिथे जहाज, भाडं, कंटेनर सगळं ठीक असूनही काही उपयोग नव्हता.

जे आधीच ठरलेलं असतं ते सगळ्या सिनॅरिओंत सारखंच ठेवा. ऑक्टोबर छाटणीच्या तारखा हाती आल्या की साधारण चार महिन्यांनी माल कधी, किती येणार हे बरंचसं कळतं. गारपीट-अवकाळीने प्रमाण आणि दर्जा घटेल, पण छाटणी काही मागे नेता येत नाही. म्हणून प्रत्येक सिनॅरिओपुढे दोन गोष्टी लिहा: तो सुरू झाल्याची पहिली खूण कोणती, आणि कोणत्या तारखेनंतर तुम्हाला काहीच बदलता येणार नाही. 'शक्यता ३०%' वगैरे लिहायच्या फंदात पडू नका. मीटिंगमध्ये तासभर त्या आकड्यावरच वाद होतो आणि रीफर कधी बुक करायचे ते राहून जातं.

मग तुमच्याच मागच्या हंगामांच्या रोजच्या आवक-रवानगीच्या नोंदी या मॉडेलमधून चालवून बघा. कोल्ड स्टोरेज खरोखर भरलं होतं तेव्हा मॉडेलमध्येही भरतंय का? नसेल, तर पुढचे आकडे कुणाला दाखवू नका.

एवढं काम एक्सेलमध्ये होतं. पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेज आणि बंदरावरच्या रांगा एकमेकींना अडवू लागल्या की मात्र सिम्युलेशन लागतं. तिथेही महागडं पॅकेज घेण्याआधी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं सिम्युलेशनसाठीचं फुकट सिमपाय वापरून बघा.

तुमचा किती माल सुपरमार्केटच्या ठरलेल्या प्रोग्रॅमवर जातो आणि किती कन्साइनमेंटवर (आधी भाव न ठरवता, तिथे विकेल त्या भावाने), ते कळवा. चौथा सिनॅरिओ भावाचा करायचा की ग्राहक सुटण्याचा, ते त्यावरून सांगता येईल.