राजघराण्यांचा इतिहास शिकवायचा असेल तर आधी मोडी लिपी शिका

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील शाळेत शिकवता, छत्रपतींच्या इतिहासाचे वेड लहानपणापासून आहे, पण मुले सनावळीपलीकडे जात नाहीत आणि मूळ कागद पाहू मागितले तर कोणी दाद देत नाही, हे आपण लिहिलेले वाचले आणि साताऱ्यातील माझी नोकरीची वर्षे आठवली. कोणते ग्रंथ वाचावेत हे आपणांस ठाऊक असणारच, म्हणून त्यात शिरत नाही.

मला थोरल्या शाहू महाराजांच्या (शिवाजी महाराजांच्या नातवाच्या) काळातील दोन-चार पत्रे वर्गासाठी हवी होती. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. तेथे प्रथम मुख्याध्यापकांचे पत्र मागितले. ते दिल्यावर विद्यापीठातील मार्गदर्शकांचे हवे म्हणाले, कारण शाळामास्तर त्यांच्या लेखी अभ्यासक ठरत नव्हता. तेही नेले, तेव्हा रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक विचारला. क्रमांक ज्या यादीत होता ती मोडीत, आणि ती वाचणारे गृहस्थ निवृत्त झालेले. एवढ्यात दहावीची ती तुकडी शाळा सोडून गेली. त्याचा राग अजून जात नाही. इतिहासाचे कागद शाळेतल्या मुलांसाठी नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे?

म्हणून माझे ठाम मत आहे की आधी मोडी शिकावी. यादी स्वतः वाचता आली की निम्म्या अडवणुकीला जागाच उरत नाही. (नियम आता बदलले असतील, तेव्हा प्रत्यक्ष चौकशी करावी.)

वर्गात मी कागदावरील सालापासून सुरुवात करीत असे. 'समान मया व अलफ' फळ्यावर लिहायचे: अरबी शब्दांत आठ, शंभर आणि हजार, म्हणजे जुन्या मराठी कागदांवर येणारा शुहूर सन ११०८. हे साल मृगापासून सुरू होते, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६०० आणि मृगानंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवले की इसवी सन येतो. शाहू महाराजांचा साताऱ्यातील राज्याभिषेक १२ जानेवारी १७०८ चा, तो याच सालात बसतो. मृगाची पेरणी पाहिलेल्या मुलांना हा हिशेब चटकन कळतो, आणि सन पाठ करण्याऐवजी ती तो शोधू लागतात.

दुसरे असे की १६८० पाशी थांबू नका. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची १८३९ मधील पदच्युती, त्यांचे वकील रंगो बापूजी यांनी त्यांच्यासाठी लंडनमध्ये वर्षानुवर्षे मागितलेली दाद आणि दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलेले राज्य, हा भाग शिकवताना मुले सर्वाधिक प्रश्न विचारतात, असा माझा तरी अनुभव आहे. आपल्याकडे तर मिरजेपासून वेगळे झालेले पटवर्धनांचे सांगली संस्थान आणि गणेशदुर्ग हाताशीच आहेत. तेथून आरंभ करणे अधिक सोयीचे होईल.

कागदांची छायाचित्रे घेऊ दिली तर फ्लॅश बंद ठेवा आणि पहिले छायाचित्र रुमालावरील चिठ्ठीचे घ्या. पुढच्या खेपेस क्रमांक विचारला की तोच सांगता येतो.