जहाजावर चढायच्या आधीच काँट्रॅक्ट कॅन्सल: सीमाभागातल्या पोरांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर): सर, जहाजावरच्या खलाशाचा जीपी रेटिंग कोर्स झालाय. मुंबईच्या लायसन्सवाल्या कंपनीनं सिलेक्ट केलं, काँट्रॅक्टवर सही झाली, मेडिकल झालं, म्हणून उद्यमबागेतली फाउंड्रीची नोकरी सोडली. जॉइनिंग दोनदा पुढं ढकललं आणि आता फोनवर सांगतात जहाजच विकलं, काँट्रॅक्ट कॅन्सल, तू विमानात बसलाच नाहीस तर हक्क कसला. खरं आहे का हे?

उत्तर: नाही, असं सरसकट नसतं. आधी हातात कुठला कागद आहे ते बघ. नुसतं ऑफर लेटर किंवा व्हॉट्सॲपवरचा 'सिलेक्टेड' मेसेज असेल तर बाजू लंगडी पडते, पण एसईए म्हणतात त्या नोकरीच्या करारावर तुझी आणि मालकाची किंवा त्याच्या वतीनं कंपनीची सही असेल तर करार झालाय. पगार नंतर सुरू होणार होता, पण करार मोडला की भरपाई मागता येते, १८७२ च्या काँट्रॅक्ट ॲक्टचं कलम ७३ त्यासाठीच आहे. फिलिपिन्सच्या सुप्रीम कोर्टानं २००७ साली असल्याच केसमध्ये सांगितलं की खलाशी निघालाच नाही म्हणून नोकरी सुरू झाली नव्हती, तरी करार पक्का होता, आणि त्याला ९ महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई दिली. आपल्या कोर्टांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण तुझ्या वकिलाला दाखव.

फोनवर वाद घालत बसू नको. ईमेल टाक की काँट्रॅक्ट कुठल्या तारखेला, कुठल्या कारणानं रद्द केलंत ते लेखी द्या. आणि जहाज खरंच विकलं का हे तूच तपासू शकतोस: कागदांवर सात आकडी आयएमओ नंबर असेल, जहाजाचं नाव, मालक, झेंडा बदलला तरी तो नंबर तोच राहतो, जहाजांची माहिती देणाऱ्या इक्वासिसच्या साइटवर फुकट अकाउंट काढ, तो नंबर टाक आणि मालक बदललाय का बघ. तोच जुना मालक दिसला तर स्क्रीनशॉट काढून ठेव. उत्तर आलं नाही तर मुंबईला डीजी शिपिंगकडे, म्हणजे जहाज वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या ऑफिसकडे, तक्रार कर. भारतानं मान्य केलेल्या एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणं भरती कंपनी किंवा मालक शब्दाला जागला नाही तर खलाशाचं नुकसान भरून द्यायला विमा किंवा तशी सोय कंपनीकडं असावीच लागते, तिचा उल्लेख तक्रारीत कर. मेडिकलची बिलं, राजीनाम्याची कॉपी जपून ठेव आणि दुसरं जहाज शोधणं थांबवू नको, नुकसान कमी करायला तू काय केलंस हे कोर्ट विचारतंच.

प्रश्न (निपाणी): एजंटला साडेतीन लाख कॅश दिली, बेलापूरच्या ऑफिसला आता कुलूप आहे. इथले पोलीस म्हणतात महाराष्ट्रात जा.

उत्तर: हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण नोकरी लावायला खलाशाकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) एवढाच खर्च तुमचा, व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. तुम्हाला बेलापूरला पळायची गरज नाही, बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठंही घडलेला असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, तिलाच झिरो एफआयआर म्हणतात. तरी घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टानं बेळगावच्या एसपींना पाठवा आणि सोबत कन्नड प्रत जोडा, काम लवकर हलतं. कॅशचा पुरावा नाही म्हणून गप्प बसू नका, बँकेतून पैसे काढल्याची एंट्री, दागिने गहाण ठेवल्याची पावती, एजंटचे मेसेज, सगळं चालतं. इथून पुढं कुणी आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या लायसन्सचा नंबर, दाखवला तर तो डीजी शिपिंगच्या साइटवर टाकून बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): मिस्टरांना दोन महिन्यांतच सिंगापूरहून घरी पाठवलं. 'माझ्या विनंतीवरून' असं लिहिलेल्या कागदावर कॅप्टननं सही घेतली आणि तिकिटाचे पैसे पगारातून कापले.

उत्तर: ताई, सही झाली म्हणून सगळं संपलं असं समजू नका. आजच मिस्टरांच्या ईमेलवरून कंपनीला कळवा की सही कुठल्या परिस्थितीत घेतली, तेव्हा समोर कोण होतं, घरी जायला त्यांनी स्वतः कधी सांगितलंच नव्हतं. जितका उशीर तितकं कंपनी म्हणणार की आता सुचलं. बरोबरच्या खलाशांचे मेसेज असतील तर डिलीट करू नका. एमएलसीप्रमाणं नोटीस ७ दिवसांपेक्षा कमी नसावी, ती का दिली नाही हे विचारा, आणि घरी पाठवायचा खर्च मालकाचा असतो, गंभीर कसूर रीतसर सिद्ध झाली तरच तो कापता येतो. पगार अडकला असेल तर २०१७ च्या ॲडमिरल्टी (जहाजांवरच्या दाव्यांच्या) कायद्यानं पगाराचा बोजा थेट जहाजावर बसतो, मालक बदलला तरी, पण २ वर्षांत दावा करून जहाज अडकवायला लागतं. कर्नाटक हायकोर्टाला तो अधिकार आहे खरा, मात्र जहाज इथल्या पाण्यात यायला हवं, म्हणून ते पुढं कुठल्या बंदराला जाणार याच्यावर लक्ष ठेवणारा वकील बघा. मिस्टर नुसी या खलाशांच्या युनियनचे मेंबर असतील तर त्यांनाही लगेच कळवा.

प्रश्न (येळ्ळूर): काँट्रॅक्ट रद्द झालं, पण पासपोर्ट आणि सीडीसी कंपनी परत देत नाही.

उत्तर: पासपोर्ट केंद्र सरकारच्या मालकीचा असतो, १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात कलम १७ मध्ये तसं लिहिलंय, कंपनीला तो दाबून ठेवायचा काही अधिकार नाही. दोन दिवसांची मुदत देऊन ईमेल टाका, नाही आला तर पोलिसांत आणि डीजी शिपिंगकडं एकाच दिवशी तक्रार करा. आणि तो परत देताना 'माझा काही क्लेम नाही' असल्या कागदावर सही मागितली तर करू नका.