संधिवातावर चिनी वनौषधी घ्यावी का?

प्रश्न : माझ्या आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात असून मेथोट्रेक्सेट चालू आहे. एका आप्तांनी चिनी वनौषधीच्या गोळ्या सुचविल्या आहेत. त्या द्याव्यात का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : या गोळ्यांत बहुधा ‘लेई गोंग तंग’ नावाच्या वेलीचे मूळ असावे. ही वनस्पती निष्प्रभ मुळीच नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, चीनमधील २०७ रुग्णांवरील चाचणीत २४ आठवड्यांनंतर ती मेथोट्रेक्सेटच्या तोडीची ठरली, आणि दोन्ही औषधे एकत्र दिल्यावर गुण अधिक आला. मात्र कोण कोणते औषध घेत आहे हे त्या चाचणीत रुग्णांना ठाऊक होते, हे ध्यानात घ्यावे. शिवाय ही वनस्पती रोगप्रतिकारशक्ती दडपते, यकृत व मूत्रपिंडांना अपाय करू शकते, स्त्रियांची पाळी थांबवू शकते आणि पुरुषांतील शुक्राणू घटवते. मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर आधीच असल्याने ही जोड घरच्या घरी देणे मला धोक्याचे वाटते. लेबल नसलेल्या गोळ्यांत (मग त्या चिनी असोत वा देशी) स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत चमत्कारिक आराम पडला, तर आधी तोच संशय घ्यावा. ॲक्युपंक्चर मात्र, निर्जंतुक सुया असतील तर, वेदनेपुरते करून पाहता येईल. मेथोट्रेक्सेट परस्पर बंद करू नये आणि गोळ्यांची बाटली संधिवाततज्ज्ञांना दाखवावी.